पाहुणीला काय बोलायचं

बस वळणावर थांबली आणि भिंगरीला आधी दादाचा आवाज ऐकू आला. दादा दिसला नंतर.

"फळी ओढतेस की पाळणा हलवतेस? दाब! दाब म्हणतोय ना! जोर काय घरी खुंटीला टांगून आलीस?"

मिठागर रस्त्यापासून तसं लांबच, मधे चिखल, बांध, पुन्हा बांध. पण त्या आवाजाला अंतरानं कधी अडवलं नव्हतं. दोन हातांत दोन पिशव्या धरून उभी असलेली ती पंचेचाळिशीची बाई भर उन्हात एकटीच हसली. वीसेक वर्षांत गाव ओळखू येईनासं झालं होतं. वळणावरची पत्र्याची टपरी जाऊन तिथं पक्कं दुकान आलं होतं, खाडीच्या तोंडाशी बोटींसाठी लांबलचक धक्का बांधला होता. आवाज मात्र तोच होता, उलट वयानं जरा पिकला होता. आता हा आवाज आपल्यावर सुटणार या विचारानं तिला इतका आनंद झाला, की ती पिशव्या सावरत जवळजवळ पळायलाच लागली.

दादाचं तोंड सगळ्या खाडीला माहीत होतं. बायकोला, लेकीला, वाऱ्याला, पाण्याच्या पंपाला, आणि हाताशी कुणीच नसलं तर स्वतःच्या गुडघ्याला तो बोलायचा. हा वारसा बापाचा. त्या घरात 'जरा नीट कर हं' असं कुणी कुणाला म्हणतच नसे. जो मिठाच्या वाफ्यात उतरेल तो बोलणी खाणार, आणि ज्यानं जास्त बोलणी खाल्ली त्याच्या ताटात वहिनी मासा मोठा वाढणार, अशी तिथली रीत होती. भिंगरी हे नावसुद्धा बापानं शिव्यांच्या ओघातच ठेवलेलं. बांधावर एका जागी थांबेल तर शपथ, म्हणून भिंगरी. खरं नाव सासरी वापरलं गेलं, आणि सासर संपलं तेव्हा तेही संपलं.

बांध तिच्या आठवणीपेक्षा उंच निघाला. पूर्वी दोन ढांगांत चढायची. आता पिशव्या खाली ठेवून हात टेकायला लागला. वय झालं आपलं, असं म्हणत ती चढली आणि खाली पाहिलं. वाफ्यात तिघं होती. लेक पुढून दोरीनं मीठ गोळा करायची फळी ओढत होती, दादा मागून फळीची मूठ दाबत होता, आणि वहिनी कडेला जमलेलं मीठ घमेल्यात भरत होती. दादानं वर पाहिलं. पुढची शिवी त्याच्या ओठावर आलेली होती, ती त्यानं गिळली.

"ये," तो म्हणाला. "कधी निघालीस? प्रवास बरा झाला ना?"

न कळवता कशी उगवलीस, इतक्या वर्षांनी रस्ता बरा सापडला, कुणाला विचारून आलीस, यातलं काहीतरी ऐकायच्या तयारीनं ती आली होती. त्यांची उत्तरंही बसमध्ये बसून घोकली होती. या प्रश्नाचं उत्तर तिनं घोकलं नव्हतं.

"झाला बरा," ती म्हणाली.

"उन्हात उभी नको राहूस. घरी जाऊन पड जरा. लवंगे, आत्याच्या पिशव्या घे. दिसत नाही का? का डोळेही खारवलेत?"

शेवटचं लेकीला होतं.

घर तेच होतं, दोन खोल्यांचं, पत्र्याच्या छपराचं, दाराशी पाय धुवायला पाण्याची टाकी. मागं अवजारांची एक अंधारी खोली. वहिनीनं येऊन चहा टाकला. लवंगीला पेल्यात, स्वतःला पेल्यात, आणि मांडणीवरचा फुलांचा कप काढून, पदरानं पुसून, बशीसकट नणंदेसमोर ठेवला.

"मला पण पेल्यातच दे की ग," भिंगरी म्हणाली.

"असू दे. पहिल्यांदाच आलीस इतक्या वर्षांनी."

लवंगी अठराची असेल. ठेंगणी, काळीसावळी, बापाच्या बोलण्याला मनातल्या मनात चाली लावणारी. आत्याला ती टक लावून बघत होती. या घरात आत्या म्हणजे एक विषय होता, जो निघाला की तिचे बाबा उठून बाहेर जायचे. तो विषय आता समोर बसून बशीत चहा ओतत होता.

लवंगी वाफ्यावर परत गेली तेव्हा भिंगरी वहिनीला म्हणाली, "मी परत जायला आलेले नाही, वहिनी."

वहिनी पातेलं घासायची थांबली.

"हे गेले गेल्या वर्षी. खोली त्यांच्या कामावरून मिळालेली होती, ती मालकानं काढून घेतली. मग मी एका वसतिगृहात स्वयंपाक करत होते, तिथंच झोपत होते. तेही बंद झालं. या दोन पिशव्या आहेत ना, तेवढंच सगळं आहे माझं. मला मागची खोली चालेल. काम तर मला येतंच. मी फुकट खाणार नाही."

"फुकट कोण म्हणतंय," वहिनी म्हणाली आणि पुन्हा पातेलं घासू लागली. मग म्हणाली, "मी बोलते त्यांच्याशी. सवड बघून. तू नको बोलूस. आत्ता त्यांचं डोकं ठिकाणावर नाही."

डोकं ठिकाणावर नसायला कारण होतं. यंदा आभाळ सारखं भरून येत होतं. ऊन नीट लागलंच नाही, म्हणून मीठ उशिरा धरलं. रोजानं येणारे गडी रस्त्याच्या कामावर गेले ते गेलेच. आता कुठं सहा वाफे पांढरे झाले होते, चांगलं टपोरं मीठ पडलं होतं, आणि ते पावसाच्या आत उचलून, ढीग घालून, झाकायचं होतं. पुढचं वर्ष त्याच मिठावर काढायचं. उचलणारी माणसं तीन.

"चौथी मी आहे," भिंगरी म्हणाली.

वहिनी हसली आणि तिनं पातेलं पालथं घातलं.

सकाळी भिंगरी साडी खोचून, कुणी बोलावलं नसताना, वाफ्याच्या कडेला जाऊन उभी राहिली. दादा लेकीला दोरी कशी धरायची ते सांगत होता, म्हणजे तिच्या सात पिढ्यांत कुणाला दोरी धरता आली नाही असं सांगत होता. त्या सात पिढ्या स्वतःच्याच, हे त्याच्या ध्यानात नव्हतं.

"मी मूठ धरते," भिंगरी म्हणाली.

"तू कशाला? बस सावलीत."

"धरते रे."

दादानं तिच्या पायांकडे पाहिलं. गोरे, मऊ, टाचेला भेगसुद्धा नसलेले पाय. मग तो घरी गेला आणि रबराच्या चपला घेऊन आला. "या घाल. मीठ कापतं."

वाफ्यात चपला घालून उतरणं म्हणजे काय, हे तिला आणि त्याला, दोघांनाही ठाऊक होतं. वाफ्याचा तळ हंगामाच्या सुरुवातीला सगळ्या घरानं अनवाणी पायांनी तुडवून, दाबून, आरशासारखा केलेला असतो. त्यावर चपलेची टाच पडली की चिखल वर येतो आणि मीठ काळवंडतं. लहानपणी तिनं एकदा चपलेनं पाय टाकला होता, तेव्हा बापानं ती चप्पल खाडीत भिरकावली होती आणि तिलाही भिरकावायला निघाला होता. आणि आज दादा आपल्या हातानं चपला पुढं करत होता, जशी एखादी परगावची पाहुणी मिठागर बघायला आली असावी.

"नको," ती म्हणाली आणि अनवाणी उतरली.

पहिल्या खेपेला बरं वाटलं. दुसऱ्या खेपेला तळव्यांत सुया शिरल्या. दुपारपर्यंत दोन्ही पायांची कातडी बोटांच्या मधे फाटली आणि त्यात खारं पाणी गेलं तेव्हा तिच्या तोंडून आवाज निघेल की काय असं झालं. तिनं दात आवळले. लवंगी दोरी ओढत होती, भिंगरी मागून मूठ दाबत होती, आणि मीठ दोघींच्या मधे करकर वाजत गोळा होत होतं. अंगाला जुनी सवय आठवत होती. मनगट कधी सैल सोडायचं, कोपऱ्यात फळी कशी आडवी घ्यायची. पाय मात्र सगळं विसरले होते.

दुपारनंतर एका खेपेला तोल गेला. मूठ जास्त दाबली गेली, फळी तळात रुतली आणि पांढऱ्या मिठात एक लांब करडा पट्टा उमटला. भिंगरी जागच्या जागी थांबली. मान खाली घालून तिनं डोळे मिटले. आता येणार. येऊ दे.

दादा आला, वाकला, आणि हाताच्या तळव्यानं तो पट्टा हळूहळू सारखा करू लागला. "होतं असं," तो म्हणाला. "दम लागला असेल. बस जरा." मग उठून लेकीकडे वळला. "तुला दिसत नाही, फळी रुततेय ती? दोरी ढिली सोडायला काय झालं? आत्याला सवय नाही, तुला तर आहे ना? जन्माला मिठात घातलीय तुला, तरी अक्कल पिकली नाही ती नाहीच!"

तो लांब गेल्यावर लवंगी कुजबुजली, "आत्या, तुझ्या वाटणीचं पण मीच खातेय बघ."

"मला दे की थोडं," भिंगरी म्हणाली. लवंगीला ती थट्टा वाटली. ती तोंडावर हात धरून हसली.

शेजारच्या मिठागरावरचे चष्मेवाले काका बांधावरून पाहत होते. त्यांना लांबचं दिसत नसे, तरी चालीवरून ओळखलं त्यांनी. "ही भिंगरी ना? अग, तुझ्या बापानं तुला हाक मारली की माझा बैल पण थांबायचा! तुझ्यासारखी फळी दाबणारं पुन्हा कुणी झालं नाही इथं. हा तुझा भाऊ नुसता तोंडानं दाबतो."

दादा एरवी काकांना सोडत नसे. आज नुसतं 'हं' म्हणाला.

असेच दिवस गेले. पहाटे उतरायचं, ऊन डोक्यावर आलं की जेवायचं, पुन्हा उतरायचं. चार वाफे उचलून झाले. आतल्या बुटक्या बांधावर मिठाचा ढीग छातीइतका झाला. भिंगरीचे पाय वहिनीनं तेल लावून फडक्यात बांधले, तरी ती रोज फडकं सोडून उतरत होती. रोज तिला वाटे, आज काहीतरी बोलेल. दादा रोज विचारायचा, झोप लागली ना, भात पुरला ना, डास तर नाही ना चावत. इतकं गोड तो आयुष्यात कुणाशी बोलला नव्हता.

"बोललीस का ग?" ती वहिनीला विचारायची.

"बोलले."

"मग?"

"बघू म्हणाले. मीठ उचलू दे, मग बघू म्हणाले." वहिनी आवाज खाली आणून म्हणाली, "नाही असं नाही म्हणाले. माझ्या लग्नापासून ओळखते मी. नाही म्हणायचं असलं की हा माणूस बघू म्हणत नाही, तिथंच भडकतो. काल मागच्या खोलीतला गंजका पंप बाहेर काढून ठेवलाय त्यांनी. कशाला काढला ते मी विचारलं नाही."

भिंगरी संध्याकाळी हळूच मागच्या खोलीत डोकावून आली. पंपाच्या जागी जमिनीवर एक कोरडा चौकोन उरला होता. तेवढ्या जागेत अंथरूण मावत होतं. ती तिथं उभी राहून रडली, आणि पाय धुवायच्या टाकीवर जाऊन तोंड धुऊन आली.

त्याच संध्याकाळी दादा ढिगाशेजारी बसला होता. ती जाऊन जरा अंतरावर बसली.

"तू गेलीस तो पण हंगाम असाच होता," दादा म्हणाला. "वाफे पांढरे झालेले. सकाळी उठलो तर तू नाहीस. पंप दुरुस्त करायला आलेला तो माणूसही नाही. बाबा काही बोलले नाहीत. फळी उचलून वाफ्यात गेले. मी म्हटलं, मी ओढतो, तुम्ही दाबा. तर म्हणाले, तू जा, तुला जमणार नाही. दिवसभर दोघांची फळी एकट्यानं ओढली त्यांनी. दोरी कमरेला बांधून. तिसऱ्या दिवशी वाफ्यातच बसले. पुन्हा उभे राहिले नाहीत. पावसाळा काढला कसाबसा."

"मला उशिरा कळलं रे."

"हो. कळलं असेल उशिरा."

"मग बोल ना मला."

"काय बोलायचं? झालं ते झालं." तो उठला, कमरेवर हात ठेवून वाकडा झाला, सरळ झाला. "दव पडतंय. आत जा. सर्दी होईल."

शेवटचे दोन वाफे राहिले होते त्या दिवशी दुपारी आभाळ काळं झालं. दादा आणि वहिनी मोठी ताडपत्री आणायला दुकानावर गेले. ती एकट्याच्यानं उचलत नाही. लवंगी घरी भात टाकायला गेली. वाफ्यांवर भिंगरी एकटी राहिली, आणि पाऊस आला.

मोठा नव्हता. टपोरे थेंब, वारा, आणि बघता बघता दोन्ही वाफ्यांवर पाण्याचा पातळ थर. मिठागरावर वाढलेल्या माणसाला यात काय करायचं ते विचारावं लागत नाही. पावसाचं गोडं पाणी हलकं, ते वर तरंगतं. खालचं खारं जड, ते मिठाला धरून बसतं. खाडीच्या बाजूला उघाडी असते, दगडी खाचेत एकावर एक बसवलेल्या लाकडी पट्ट्यांचं दार. त्यातली फक्त वरची पट्टी काढायची. वरचं पाणी तेवढं निघून जातं, मीठ वाचतं. उशीर केला तर गोडं पाणी खाली उतरतं आणि मीठ विरघळतं. बापानं हे तिला हात धरून शिकवलं होतं. दादाच्या आधी तिला शिकवलं होतं.

ती धावली. फाटक्या पायांनी, चिखलातून, खरोखरच भिंगरीसारखी धावली. आता मीठ आपण वाचवणार आणि दादा येऊन बघणार, हे तिच्या डोळ्यांपुढं आलं सुद्धा. बांधापलीकडे डोकावून बघायला वेळ कुठं होता? आणि बघायचं कशाला? भरती असली तरी वरच्या पट्टीपर्यंत पाणी कधी येत नाही, हे ती चालायला लागल्यापासून बघत आली होती. तिनं दोन्ही हातांनी वरची पट्टी धरली, पाय दगडाला लावला आणि उपसून काढली.

पाणी बाहेर गेलं नाही. आत आलं.

ती गेल्यानंतरच्या वर्षांत खाडीच्या तोंडाशी धक्का झाला होता, खाडी गाळानं भरली होती, आणि भरती वीतभर, मग हातभर वर चढली होती. म्हणून तर बांध उंच केला होता, उघाडीत दोन पट्ट्या वाढवल्या होत्या. आता भरती असताना उघाडीला कुणी बोट लावत नसे. पावसाचं पाणी मागच्या बाजूनं पंपानं काढत. हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. गावात नवा आलेला कुणी असता, तर त्यानं उघाडीला हातच लावला नसता. आणि घरचं कुणी असतं, तर त्याला आधी भरती दिसली असती.

गढूळ पाण्याचा लोंढा तिच्या मांड्यांना धडकून आत शिरला. तिनं पट्टी पुन्हा खाचेत घालायला धरली. पाण्यानं ती हिसकावली आणि वाफ्यात नेली. ती पट्टीमागं गेली. मग परत आली आणि उघाडीच्या तोंडात स्वतःच बसली, पाठ लावून, हात पसरून, जसं काही अंगानं समुद्र अडतो. पाणी तिच्या खांद्यांवरून, काखेतून आत जात राहिलं. दोन वाफ्यांतलं मीठ आधी करडं झालं, मग दिसेनासं झालं. मग पाणी ढिगाच्या पायथ्याशी पोचलं आणि ढीग एका बाजूनं खचला.

"दादा!" ती ओरडली. "दादा रे!"

दादा ताडपत्री टाकून धावत आला. त्यानं तिला बखोटीला धरून बाजूला केलं, पट्टी शोधून आणली, वहिनीनं आणि लवंगीनं धरली, त्यानं दगडानं ठोकून बसवली. तोवर भरतीही थांबत आली होती. पाऊस तर केव्हाच थांबला होता. आभाळ उघडून चक्क ऊन पडलं.

सगळी बांधावर उभी राहिली. दोन वाफे गेलेले. ढीग निम्म्याच्या वर बसलेला, उरलेला चिखलानं बरबटलेला. वहिनीनं तोंडाला पदर लावला. लवंगी बापाकडे बघत होती, आणि बापाच्या मानेची शीर बघून एक पाऊल मागं सरली. चष्मेवाले काका त्यांच्या बांधावर येऊन उभे होते; तेही वाट बघत होते. भिंगरीनं भिजल्या अंगानं दोन्ही हात जोडले, मान खाली घातली, आणि तीही वाट बघू लागली.

दादानं श्वास घेतला. तोंड उघडलं. मग मिटलं.

"लागलं नाही ना तुला कुठं?" तो म्हणाला.

भिंगरी त्याच्या पुढ्यात येऊन उभी राहिली.

"अरे, मी बुडवलं तुला! वर्षाचं अन्न घालवलं. मला विचारायला काय झालं होतं? भरती बघायला डोळे नव्हते? बोल ना! मार मला. बाबा असते तर त्यांनी मला इथंच पुरलं असतं. एक शिवी तरी दे रे दादा, एक दे."

"मुद्दाम थोडंच केलंस," दादा म्हणाला. "कपडे बदल. ओली राहू नकोस." आणि तो वाफ्यात उतरून, काही उरलंय का ते हातानं चाचपू लागला.

वहिनीनं चहा केला. दादा हातपाय धुऊन आत आला आणि भिंतीला टेकून बसला. त्याचे हात मांडीवर पालथे पडले होते.

"वहिनीनं मला सांगितलं होतं," तो म्हणाला, "तुझं सगळं. मीठ उचललं की मी तुला राहा म्हणणार होतो. शपथेवर सांगतो."

"मग आता?"

"मिठाचं नाही ग. मीठ पुढच्या वर्षी परत होईल." तो शब्द शोधत होता. त्या माणसाला शब्द शोधावे लागताना कुणी पाहिलं नव्हतं. "मी तुझ्यावर ओरडणार होतो मघाशी. तोंड उघडलं होतं. पण जे बाहेर येत होतं ते उघाडीचं नव्हतं. बाबांचं होतं, त्या दोरीचं होतं. ते एकदा निघालं असतं तर मी थांबलो नसतो. तुला असं काही बोललो असतो, की तू पुन्हा या बांधावर पाय ठेवला नसतास. आणि इथं राहायचं म्हणजे रोज काही ना काही चुकणार, रोज मी बोलणार. बाकीच्यांना बोलतो ते हवेत जातं. तुला बोलेन ते जाणार नाही. म्हणून म्हणतो, येत जा. दरवर्षी ये. चार दिवस राहा. पाहुणीला काय बोलायचं असतं? पाहुणीशी माणूस बरा वागतो."

"मला पाहुणी व्हायचं नाही, दादा."

"माहितेय."

वहिनी म्हणाली, "अहो, ती जाणार कुठं?" दादानं तिच्याकडेही पाहिलं नाही. डोळे भरले होते त्याचे, आणि ते तो कुणाला दाखवणार नव्हता.

"तिकडं ओळखीचं असेल ना कुणी?" त्यानं विचारलं. "इतकी वर्षं होतीस."

भिंगरीला सगळं कळलं. नाही म्हटलं असतं, तर त्यानं ठेवून घेतलं असतं. दया म्हणून ठेवलं असतं, आणि रोज विचारलं असतं, झोप लागली ना, भात पुरला ना. मरेपर्यंत विचारलं असतं.

"आहेत की," ती म्हणाली. "खूप आहेत. बोलावतच असतात."

सकाळी वहिनीनं पिशवीत खारवलेले मासे घातले आणि तिला घट्ट धरून रडली. लवंगीनं आत्याचे पाय नव्या फडक्यात बांधून दिले. दादा रस्त्यापर्यंत दोन्ही पिशव्या घेऊन आला. पिशव्या खाली ठेवून म्हणाला, "सांभाळून जा. पोचलीस की कळव." मग बस यायची वाट न बघता वळला आणि बांध उतरून गेला. त्याची पाठ वाकली होती, तिनं नीट पाहिली तेव्हा तिला ती बापाचीच वाटली.

ती उभी राहिली. पाय ठणकत होते. बस लांब धुळीत दिसायला लागली आणि त्याच वेळी मिठागराकडून आवाज सुटला.

"घमेलं असं धरतात? चिखल वेचतेयस की फुलं? आणि ही पट्टी, ही पट्टी इथं कुणी टाकली? उचल! कालपासून बघतोय, घरात कुणाला कशाची म्हणून शुद्ध नाही! एक दिवस गेलो दुकानावर, एक दिवस! वर्षभराचं मीठ, वर्षभराचं! भरती दिसत नाही? डोळे फुटलेत? कोण होतं इथं, आं? कोण होतं?"

लवंगी काहीतरी उलट बोलली. ते नीट ऐकू आलं नाही. मग वहिनीचं नाव निघालं, मग वाऱ्याचं, धक्का बांधणाऱ्यांचं, समुद्राचं. दादा थांबतच नव्हता. आवाज मधेच चिरकला, फाटला आणि पुन्हा सुरू झाला. काल बांधावर तो जे गिळून बसला होता, ते सगळं आज तो लेकीवर ओतत होता. लेक उन्हात उभी राहून ते हक्कानं ऐकून घेत होती. भिंगरीला त्या पोरीचा इतका हेवा वाटला की तिला स्वतःचीच लाज वाटली.

बस येऊन थांबली. दार उघडलं. तिनं पाय उचलला नाही.

"बाई, चढा," कंडक्टर म्हणाला.

"थांबा जरा."

"अजून कुणी यायचंय का?"

तिनं आणखी थोडा वेळ कान दिला. आवाज खाली येत होता. आता एकेक शब्द येत होता, मग तोही येईना.

"नाही," ती म्हणाली, आणि पिशव्या आत सरकवून वर चढली.